तिने कुणाला सांगायचं?

हॉटेलात, लॉजवर किंवा केटरिंगमध्ये मुलगी कामाला लागली की आमच्या मोहल्ल्यात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पगार किती? आणि रात्रीची ड्युटी आहे का? पहिला प्रश्न नातेवाईक विचारतात, दुसरा शेजारी. तिसरा प्रश्न मात्र मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही. तिथे कुणी अंगचटीला आलं, तर तिने कुणाला सांगायचं?

हॉटेलात काम करणारी बाई म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काउंटरच्या मागे उभी असलेली, इस्त्रीच्या कपड्यांतली रिसेप्शनिस्ट येते. पण त्या इमारतीत बायका आणखी कितीतरी ठिकाणी असतात. मागच्या बाजूला मोरीवर भांडी घासणाऱ्या, पहाटेपासून कांदा-लसूण सोलणाऱ्या, खोल्यांमधल्या चादरी बदलणाऱ्या, संडास धुणाऱ्या. लग्नाच्या हॉलमध्ये दारात उभं राहून गुलाबपाणी शिंपडणाऱ्या आणि ट्रे घेऊन फिरणाऱ्या पोरी असतात. यातल्या पुष्कळ आपल्या घरांतल्या आहेत. शिक्षण दहावी-बारावीपर्यंत, घरात कमावणारा एक किंवा कुणीच नाही, आणि हे काम लगेच मिळतं. अनुभव लागत नाही, रोजचा रोज पैसा हातात येतो.

आमच्या गल्लीतल्या अशाच एका एकोणीस वर्षांच्या मुलीविषयी लिहिते. तिचं नाव आणि गाव सांगणार नाही. ती एका ठेकेदारामार्फत हॉलवर कामाला जायची. एका रिसेप्शनमध्ये ट्रे फिरवताना एका पाहुण्याने तिचं मनगट धरलं. ती हसून सुटली, कारण हसून सुटायचं हेच तिला शिकवलं होतं. थोड्या वेळाने त्याने नंबर मागितला. मग स्टोअरकडे जाणाऱ्या बोळात तो वाट अडवून उभा राहिला. ती कशीबशी निसटली आणि कॅप्टनकडे गेली. कॅप्टन म्हणजे हॉलवरच्या वेटरांचा मुकादम. तो म्हणाला, पार्टी मोठी आहे, तमाशा नको, तू आतल्या बाजूला जा. ती आत जाऊन ताटं पुसत बसली. पाहुणा जेवून, आइस्क्रीम खाऊन, नवरा-नवरीबरोबर फोटो काढून गेला. पुढच्या तारखेला ठेकेदाराचा फोन आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. घरी कळल्यावर भावाने ते कामच बंद करून टाकलं.

तिची अम्मी माझ्याकडे आली होती, पण तक्रार लिहून घ्यायला नाही. दुसरीकडे कुठे काम आहे का, ते विचारायला. तक्रारीचं मी काढलं तेव्हा म्हणाली, "जाने दो आपा, हमारीच बच्ची का नाम खराब होगा."

त्या संध्याकाळी कुणाकुणाचं काय गेलं याचा हिशेब मांडून बघा. पाहुण्याचं काही गेलं नाही. हॉलमालकाचं बिल पूर्ण वसूल झालं. ठेकेदाराने दुसरी मुलगी पाठवली. मुलीची मजुरी गेली, ओळखीचं काम गेलं आणि घराबाहेर पडायची परवानगीही गेली. त्रास देणारा एक आणि शिक्षा करणारे तीन. कॅप्टनने तिला आत पाठवलं, ठेकेदाराने फोन बंद केला, घरच्यांनी दार. यातल्या कुणालाही आपण तिला शिक्षा करतोय असं वाटलं नाही. तिन्ही जण आपल्या परीने तिला सांभाळतच होते.

या धंद्यात असं वरचेवर का होतं, त्याची कारणं कामाच्या रचनेतच आहेत. कारखान्यात गिऱ्हाईक आत येत नाही. हॉटेलात गिऱ्हाईक हाच सगळ्यांचा मालक असतो. त्याला नाही म्हणायचं नाही, त्याच्याकडे बघून हसायचं, तो रागावला तरी माफी आपण मागायची, हे प्रशिक्षणाचा भाग म्हणून शिकवलं जातं. वरून टीप त्याच्या हातात असते. मुळात मजुरी तुटपुंजी, त्यामुळे टीपसाठी त्याचं मन राखावं लागतं. खोली साफ करणारी बाई तर परक्या पुरुषाच्या निजायच्या खोलीत एकटी असते. मजला रिकामा, दार जाड. लग्नाच्या हॉलमध्ये गर्दी असते, पण ती सगळी पाहुण्याच्या नात्यातली, तिच्या ओळखीचं तिथे कुणी नसतं. मुलगी ठेकेदाराची, हॉल मालकाचा, कार्यक्रम तिसऱ्याचा. जबाबदारी कुणाची, असं विचारलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

याच रचनेतून एक गोष्ट न्यूयॉर्कमध्ये घडली आणि जगभर गाजली. १४ मे २०११. एका बड्या हॉटेलच्या महागड्या सूटमध्ये साफसफाईला गेलेल्या बाईने सांगितलं की आतल्या पाहुण्याने आपल्यावर लैंगिक हल्ला केला. पाहुणा होता डोमिनिक स्ट्रॉस-कान, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा प्रमुख आणि फ्रान्सच्या अध्यक्षपदाचा संभाव्य उमेदवार. बाई होती पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी देशातून आलेली स्थलांतरित, एका मुलीची आई, मुसलमान. त्याला विमानातून उतरवून अटक झाली. त्याने गुन्हा नाकारला. मग तपास तिच्याकडे वळला. आश्रय मागताना तिने अर्जात काय लिहिलं होतं, कुणाशी फोनवर काय बोलली, आधी काय सांगितलं आणि नंतर काय, हे सगळं उकरलं गेलं. तिच्या विश्वासार्हतेचा प्रश्न पुढे करून सरकारी वकिलांनीच ऑगस्टमध्ये खटला मागे घेतला. तिने दिवाणी दावा लावला होता, तो डिसेंबर २०१२ मध्ये तडजोडीने मिटला. रक्कम जाहीर झाली नाही.

त्या खोलीत काय घडलं यावर कोर्टाचा निकाल कधीच आला नाही, म्हणून मीही इथे तो देत नाही. मला सांगायचंय ते त्या शहरातल्या बाकीच्या सफाई कामगार बायकांविषयी. स्ट्रॉस-कान कोर्टात आला त्या दिवशी हॉटेलांतल्या बायका कामाच्या गणवेशात कोर्टाबाहेर उभ्या राहिल्या आणि त्याच्या नावाने ओरडल्या. त्यांना त्या एका बाईचं चारित्र्य तपासायचं नव्हतं. खोलीचं दार उघडल्यावर काय काय होतं, हे त्यांना रोजच्या कामातून ठाऊक होतं. त्यांच्या संघटनेने पुढच्याच वर्षी हॉटेलमालकांबरोबरच्या करारात एक अट घालून घेतली. खोल्यांत एकटीने काम करणाऱ्या कामगाराला कमरेला किंवा खिशात ठेवायचं एक छोटं बटण द्यायचं. दाबलं की हॉटेलची सुरक्षा धावत येईल.

बटणाची गोष्ट तिथेच थांबली नाही. सिअ‍ॅटल शहरात २०१६ साली लोकांनी थेट मतदान करून तसा कायदा आणला. शिकागोमध्ये त्याच वर्षी कामगार संघटनेने हॉटेलं आणि कॅसिनोंमधल्या सुमारे ५०० बायकांना विचारलं. हॉटेलात काम करणाऱ्यांपैकी ५८ टक्के जणींनी पाहुण्याकडून लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. सफाई करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या जणींनी सांगितलं की पाहुण्याने नागडं दार उघडलं किंवा त्यांच्यापुढे अंग उघडं केलं. आणि त्रास झालेल्यांपैकी साधारण तीनपैकी एकीनेच ते वरिष्ठांच्या कानावर घातलं होतं. २०१७ मध्ये शिकागोने नियम केला. बटण द्यायचं, लेखी धोरण ठेवायचं, धोका वाटला तर काम सोडून खोलीबाहेर पडायचा तिला हक्क, तो पाहुणा असेपर्यंत तिला दुसरीकडे काम, पोलिसांत जायला भरपगारी वेळ आणि तक्रार केली म्हणून काढून टाकायला बंदी. २०१८ मध्ये मोठमोठ्या हॉटेल कंपन्यांनी स्वतःहून अशी बटणं देण्याचं जाहीर केलं.

या नियमांत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं. बटण दाबणाऱ्या बाईला कुणी विचारत नाही की तू कोण, कुठून आलीस, कपडे कसे होते, आधी हसली होतीस का. आधी माणूस मदतीला येतो, चौकशी मागाहून होते. आमच्या गल्लीतली मुलगी कॅप्टनकडे गेली तेव्हा क्रम उलटा होता. त्याने तिच्याकडे बघितलं, पार्टीकडे बघितलं आणि मग ठरवलं.

आपल्याकडची एक घटना तर याहून भयंकर आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये उत्तराखंडात ऋषिकेशजवळच्या एका रिसॉर्टमधली एकोणीस वर्षांची रिसेप्शनिस्ट मारली गेली. नोकरीला लागून तिला फार दिवस झाले नव्हते. पाहुण्यांना 'विशेष सेवा' देण्यासाठी तिच्यावर दबाव होता आणि ती नकार देत होती, असं तपासात पुढे आलं. कालव्यातून तिचा मृतदेह काढला गेला. मे २०२५ मध्ये कोर्टाने रिसॉर्टचा मालक आणि त्याच्या दोन कर्मचाऱ्यांना जन्मठेप दिली. इथे कॅप्टनही नाही, सुरक्षारक्षकही नाही. ज्याच्याकडे तक्रार करायची, तोच गुन्हेगार निघाला. अशा ठिकाणी बटण देणार कोण आणि ऐकणार कोण?

याचं उत्तर भारताच्या कायद्यात आहे, फक्त ते हॉटेलच्या मागच्या दारापर्यंत पोचलेलं नाही. राजस्थानातल्या भंवरीदेवी या 'साथिन'वर १९९२ मध्ये बलात्कार झाला. सरकारच्या कामाचा भाग म्हणून बालविवाह थांबवायला गेल्याचा तो सूड होता. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. बऱ्याच लोकांना तो ऑफिसातल्या बायकांचा कायदा वाटतो. पण तो नीट वाचला तर हॉटेल कामगार बाई डोळ्यांपुढे ठेवून लिहिलाय असं वाटावं.

पहिली गोष्ट, कामगार कोण? रोजंदारीवरची, तात्पुरती, शिकाऊ, ठेकेदारामार्फत आलेली, सगळ्या यात येतात. मूळ मालकाला ठेकेदाराने कुणाला आणलंय हे माहीत नसलं तरीही. म्हणजे 'ती आमची कामगार नाही, ठेकेदाराची आहे' हे हॉलमालकाचं उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. दुसरी गोष्ट, त्रास देणारा पाहुणा असला तर? कलम १९ म्हणतं की कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या माणसांपासूनही सुरक्षितता देणं हे मालकाचं कर्तव्य आहे. त्रास देणारा कर्मचारी नसेल तरी, बाईची इच्छा असेल तर, त्याच्याविरुद्ध फौजदारी कारवाई सुरू करून देणंही मालकाचंच कर्तव्य आहे. पार्टी मोठी असेल तर सूट, असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

तिसरी गोष्ट, सांगायचं कुणाला? दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे मालकाने अंतर्गत समिती नेमायची. अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बायका आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेतला. समिती नेमली नाही तर ५० हजारांपर्यंत दंड. दहापेक्षा कमी कामगार असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्धच असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, तिच्याकडे जायचं. उत्तराखंडातल्या त्या मुलीसारख्यांसाठी कायद्याने ठेवलेलं दार हेच. तक्रार तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने मिळतात. लिहिता येत नसेल तर समितीने लिहून घ्यायला मदत करायची. चौकशी ९० दिवसांत संपवायची, आणि ती चालू असताना बाईला तीन महिन्यांपर्यंत रजा किंवा बदली मागता येते. नाव गुप्त ठेवायचं बंधन सगळ्यांवर आहे. आणि आपल्या बायकांना सगळ्यात जास्त भीती ज्याची असते त्याबद्दल: पुरावा देता आला नाही, एवढ्यावरून तक्रार खोटी ठरवून तिच्यावर कारवाई करता येत नाही.

महाराष्ट्रात दुकानं-आस्थापनांचा २०१७ चा कायदाही आहे. रात्री साडेनऊनंतर बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलं तर तिच्या सुरक्षिततेची आणि घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय करावी लागते. लग्नाचे हॉल रात्री अकरा-बारापर्यंत चालतात. तिथल्या पोरी शेअर रिक्षाने किंवा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून घरी येतात, हे मी रोज बघते.

कागदावर एवढं सगळं आहे. मे २०२३ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की इतक्या वर्षांनंतरही या कायद्याच्या अंमलबजावणीत गंभीर त्रुटी आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच प्रकरणात न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावे लागले, जिल्हा अधिकारी नेमा, स्थानिक समित्या स्थापन करा म्हणून. कायदा होऊन अकरा वर्षं झाल्यावर! बाईने धीर करून जायचं ठरवलं, तरी जायचं ते दार कुठल्या इमारतीत आहे हेच कुणी सांगू शकत नाही, अशी गत.

कायद्याचं एवढं लिहिल्यावर काही वाचक म्हणतील, आपा, आपल्या लोकांना कायदा सांगून उपयोग नाही, दीनचं काही सांगा. तेही सांगते, कारण या विषयावर कुरआनात एक संपूर्ण सूरा आहे आणि आपण ती वेगळ्याच कारणासाठी ऐकत आलोय.

सूरा यूसुफ आपण सौंदर्याची आणि सब्रची गोष्ट म्हणून ऐकतो. ती मी कामगाराची गोष्ट म्हणून वाचते. एक मुलगा परदेशात नेऊन मोजक्या दिरहमांना विकला गेला. एका बड्या घरात तो कामाला आहे. घरातली मालकीण दारं बंद करून त्याच्या मागे लागते. तो दाराकडे धावतो, ती मागून त्याचा सदरा ओढते आणि तो फाटतो. दारात मालक भेटतो आणि ती उलट त्याच्यावरच आळ घेते. मग घरातलाच एक जण म्हणतो, सदरा बघा. पुढून फाटला असेल तर ती खरी, मागून फाटला असेल तर तो खरा. सदरा मागून फाटलेला निघतो. चौकशी झाली, पुरावा सापडला, मालकाला सत्य कळलं. पुढे काय होतं? मालक बायकोला माफी मागायला सांगतो आणि कामगाराला म्हणतो, जाऊ दे, सोडून दे.

शहरात कुजबुज होते म्हणून मालकीण बायकांना मेजवानी देते, आणि त्या पाहुण्यांपुढे यूसुफला बाहेर ये म्हणून फर्मावते. तो बाहेर येतो, कारण तो कामगार आहे, नाही म्हणायचा त्याला अधिकार नाही. त्याने ऐकलं नाही तर तुरुंग, अशी धमकी ती भर मेजवानीत देते. आणि तो निर्दोष आहे याच्या सगळ्या खुणा दिसल्यानंतरही त्यालाच तुरुंगात टाकतात. घराण्याची अब्रू राखायची होती ना.

आमच्या गल्लीतल्या मुलीचा कॅप्टन ही सूरा ऐकून मोठा झालाय. ठेकेदारही. तिचा भाऊसुद्धा. तिघांनीही तेच केलं जे मिसरमधल्या त्या घराने केलं.

आणि पुढचा भाग तर बयानात फार क्वचित येतो. राजाला स्वप्नाचा अर्थ हवा असतो, यूसुफला सोडायचा निरोप येतो. वर्षानुवर्षं कोठडीत असलेला माणूस दार उघडल्यावर काय करेल? तो बाहेर येत नाही. निरोप्याला परत पाठवतो आणि म्हणतो, आधी राजाला विचार, त्या हात कापून घेतलेल्या बायकांचं प्रकरण काय होतं. आधी चौकशी, मग सुटका. राजा बायकांना बोलावतो, त्या त्याच्यात काही वाईट नव्हतं असं सांगतात, आणि मालकीण स्वतः कबूल करते की खरा तोच होता. एका नबीला आपल्या नावावरचा डाग चौकशीने पुसला जाणं सुटकेपेक्षा मोठं वाटलं. मग आमच्या मुलींनी तक्रार मागितली की त्यात बेशरमी कुठली आली?

या गोष्टीतला कामगार पुरुष आहे, हेही विसरू नये. हॉटेलात टेबलं पुसणाऱ्या पोरांना, लॉजवरच्या रूमबॉयला असा त्रास होतच नाही असं कुणी समजू नये. २०१३ चा कायदा फक्त स्त्रियांच्या तक्रारी घेतो. अठरा वर्षांखालच्या मुलालाही मुलीइतकंच संरक्षण पोक्सो कायद्याने आहे, पण वीस वर्षांच्या वेटरला त्यातलं काहीच लागू नाही. ही उणीव आहे, आणि ती भरून काढायची मागणी आपण करायला हवी.

दुसरी सूरा आहे नूर. तिच्यातल्या तिसाव्या आयतीत नजर खाली ठेवायला पुरुषांना सांगितलंय, स्त्रियांची आयत त्यानंतर येते. हे अनेकांनी लिहिलंय. मला त्याच सूरेतली तेहेतिसावी आयत या विषयाच्या जास्त जवळची वाटते. तिथे मालकांना बजावलंय की ऐहिक कमाईसाठी आपल्या ताब्यातल्या मुलींना देहविक्रीला भाग पाडू नका, आणि ज्यांच्यावर जबरदस्ती झाली त्यांच्यासाठी अल्लाह क्षमाशील आहे. मदीनेतल्या अब्दुल्लाह इब्न उबय्य या धनिकाच्या दासींच्या संदर्भात ती उतरली, असं तफसीरकार सांगतात. तो काळ गुलामगिरीचा होता आणि ही आयत गुलामगिरी मोडत नाही, हे मान्य. पण दोष कुणावर आहे ते तिने स्वच्छ सांगितलंय. कमाई ज्याची, जाब त्याला. मुलीला तर आधीच माफी आहे. पाहुणा नाराज होऊ नये म्हणून मुलीला 'सांभाळून घे' म्हणणारा मालक त्या धनिकाइतका पापी आहे, असं मी म्हणणार नाही. पण त्याचा गल्ला त्याच रस्त्यावर उभा आहे.

आपल्या समाजात हॉटेल आणि केटरिंगचे मालक कमी नाहीत. बिर्याणीची देग लावणाऱ्यापासून हॉल चालवणाऱ्यापर्यंत. दारावर बिस्मिल्लाह, काउंटरवर हलालची पाटी. हलाल म्हणजे फक्त मांस कसं कापलं एवढंच का? ज्या भाकरीसाठी एखाद्या मुलीला हसून मनगट सोडवून घ्यावं लागलं, ती कशी काय पाक झाली?

मालकांनी करायच्या गोष्टी महाग नाहीत. मुलींना एकटीने सामानाच्या खोलीकडे किंवा पाहुण्याच्या खोलीत पाठवू नये, दोघींना पाठवावं. त्रास झाल्याचं सांगितलं तर मुलीऐवजी पाहुण्याला हलवावं, आणि ऐकत नसेल तर बाहेर काढावं. समितीची नावं आणि नंबर मागच्या बाजूला, बायका कपडे बदलतात तिथे लावावेत, मराठी, उर्दू, हिंदीत. काम संपल्यावर गाडीने घरी सोडावं. ठेकेदाराला आधीच सांगून ठेवावं की तक्रार करणाऱ्या मुलीचं काम बंद केलंस तर तुझंही बंद.

आणि आपण? वलीम्यात, रिसेप्शनमध्ये पाहुणा आपणच असतो. तो मनगट धरणारा माणूस परग्रहावरून आला नव्हता. तो कुणाचा तरी मामू, कुणाचा तरी दोस्त होता, आणि टेबलावर त्याच्या बाजूला बसलेल्या चार जणांनी ते बघितलं होतं. त्यातला एक जरी म्हणाला असता, हात सोड, तर कायद्याचं एकही कलम लागलं नसतं.

घरात करायचं काम सगळ्यात अवघड आहे. मुलीने काही सांगितलं की पहिलं वाक्य 'उद्यापासून जायचं नाही' हे नसावं. ते वाक्य एकदा ऐकलेली मुलगी पुढच्या वेळी काही सांगत नाही, कारण सांगितलं की नोकरी जाते हे तिला कळलेलं असतं. आणि पुढचा माणूस मनगटावर थांबेलच असं नाही. काम सोडायचं की नाही हे तिने ठरवावं. आपण तिच्याबरोबर जाऊन तारीख, वेळ, जागा, तिथे कोण होतं हे लिहून काढावं, मेसेज असतील तर पुसू देऊ नयेत. जिल्ह्याची स्थानिक समिती कुठे आहे हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारावं. महिला व बालविकास मंत्रालयाच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार देता येते. तातडीचं असेल तर ११२, आणि महिलांसाठीची मदतवाहिनी १८१.

या महिन्यापासून आमच्याकडे पुन्हा लग्नांचा हंगाम आहे. हॉल बुक करताना आपण पार्किंग विचारतो, जनरेटर विचारतो, एका ताटाचा दर विचारतो. त्यात आणखी दोन प्रश्न घालायला मी ओळखीच्या सगळ्यांना सांगतेय. तुमच्याकडे काम करणाऱ्या मुली रात्री घरी कशा जातात? आणि कुणी त्रास दिला तर त्यांनी कुणाला सांगायचं? मालकाकडे उत्तर नसलं तरी हरकत नाही. पैसे देणाऱ्या माणसाने प्रश्न विचारला की उत्तर तयार ठेवावंसं वाटतं.